चिऱ्यांवर ठेवलेली गाडी

माझ्या लिहिण्यात चुका पुष्कळ आहेत आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ही वही चुकून कोणी उघडलीच तर माफ करावं. दत्ताभाऊजी, माझे थोरले दीर, गेले त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्धाला सगळ्यांनी त्यांचं गुणगान केलं. मी वाढत होते, गप्प राहिले. म्हणून इथे लिहिते.

त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "अगो चवथी पास, चाय हाड." म्हणजे चहा आण. तुये गावातल्या कारखान्यात ते फिटर होते. कोणाच्याही घरी गेले की आधी दाराची कडी, बिजागरी हलवून बघायचे, मग माणसांकडे. "लोखंड खोटा बोलणा नाय," म्हणायचे, "माणूस बोलता."

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ-भाजी न्यायला आम्ही जुनी व्हॅन घेतली, तेव्हा निम्मे पैसे त्यांनी दिले. तेव्हापासून गाडी आमच्या अंगणात आणि बोलणी आमच्या नशिबात. "सावकाश रे, माझ्या पैशांचे टायर असत ते!" पाहुण्यांसमोरसुद्धा. माझा नवरा मान खाली घालून हसायचा. ते हसणं मला बघवत नसे.

एका पावसाळ्यात सायलेन्सर गंजून त्याची चाळण झाली. धुराचा दाखला मिळेना, दोन शुक्रवार बाजार बुडाला. नवरा मेकॅनिकला बोलवायला निघाला तर भाऊजी आडवे आले. "माझे पैशे मेकॅनिकाच्या घशात घालतस?" सायलेन्सर ते स्वतःच काढणार. पडवीची भिंत नव्याने बांधायला आदल्या दिवशीच जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक उतरला होता. भाऊजींनी जॅकने गाडी उचलली, चाकं काढली, चारही कोपऱ्यांना चिरे रचले आणि जॅक काढून घेतला.

माझे वडील चिरेखाणीवर कामाला होते. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती त्यांची भाकरी तिथे पोचवायला. खाणीतून नुकता निघालेला ओला चिरा मऊ असतो, ऊन खाल्ल्यावर घट्ट होतो, एवढं मला कळतं. धीर करून म्हटलं, "भाऊजी, चिरे ओले असत. भार सोसूचे नाय."

"आयक रे!" ते नवऱ्याकडे वळले. "चवथी पास फिटराक शिकयता!"

नवरा हसला आणि नवा सायलेन्सर आणायला म्हापशाला गेला.

भाऊजी गाडीखाली शिरले. "गंजलेल्या नटाक आनी बायलेक जोर करूचो नाय. तेल घालून वाट बघूची." मी बाहेर बसून पाने देत होते. शेवटचा नट हलेना. मग स्वतःचंच वाक्य विसरून ते पाइपाला हिसके देऊ लागले. प्रत्येक हिसक्याला माझ्या पुढ्यातल्या चिऱ्यातून तांबडी भुकटी गळत होती. मग त्याला वरपासून खालपर्यंत केसासारखी चीर गेली.

खरं लिहायचं तर मी पाना हातात धरून बघत राहिले. मनात म्हटलं, आता लोखंडालाच शिकवू दे त्यांना. चीर बोटाएवढी झाली. गाडीखालून त्यांचे पाय दिसत होते. भेगाळलेल्या टाचा, अगदी माझ्या नवऱ्यासारख्या.

"भायर ये! भायर ये रे!" मी किंचाळले.

ते सरपटत बाहेर आले आणि चिरा फुटला. ते पडले होते तिथेच गाडी बसली. सायलेन्सर चपाती झाला. भाऊजींच्या पापण्यांवर गंज आणि तांबडी माती. माझ्याकडे बघून म्हणाले, "माका रे म्हणतंस?"

एवढंच. दुसऱ्या दिवशी लाकडाच्या ओंडक्यांवर गाडी ठेवून त्यांनी काम पुरं केलं, आणि चिरेवाल्याने फसवलं म्हणून गावभर सांगितलं.

मी मात्र त्या दिवसापासून गाडीतले त्यांचे निम्मे पैसे फेडायला दर शुक्रवारी थोडे पैसे बाजूला काढू लागले. नवरा म्हणाला, "घरचेच पैसे ते, घाई काय?" मला घाई होती. शेवटचे पैसे द्यायला मी एकटी गेले. बोटाला थुंकी लावून त्यांनी नोटा मोजल्या आणि मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी कितको वेळ बघीत रवलंस गो?"

"थोडो," मी म्हटलं.

ते पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजू लागले. मी उभीच राहिले. शेवटची नोट खाली ठेवून ते म्हणाले, "सगळे इले. जा."