गोधडीचं दुसरं टोक

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. माणूस मेलं की संपलं. माझी धाकटी जाऊ भागी गेली, तेव्हा तिला शेवटची आंघोळ मीच घातली. म्हणून जास्त खात्रीनं सांगते.

आम्ही जालन्यात, मस्तगडला राहतो. दर साल घट बसायच्या आधी आम्ही दोघी नदीवर गोधड्या धुवायचो. ओली गोधडी पिळायला दोन बाया लागतात, दोन टोकांना. भागी डावरी. माझ्या पिळाला तिचा हात उलटा, मग गोधडी नुसती गरगर फिरायची. जन्मभर ओरडले, "भागे, उजव्या हातानं पीळ!" तेव्हा कुठं पाणी निघायचं.

ती गेली, तिची गोधडी राहिली. माझ्या सुनेनं बजावलं, "आत्याबाई, घटाआधी धुऊन आणा, न्हाई तर घंटागाडीत टाकते." मशीनमध्ये ती मावत नाही. भागीचं घरात तेवढंच उरलं होतं.

गेले, तर नदीच नाही! खाली रबरी बंधारा टाकलाय, हवा भरलेला लांबलचक काळा फुगा, आणि त्याच्यामागं तलाव. बदकाच्या बोटी, सेल्फी पॉइंट... आमचे धुण्याचे दगड पाण्याखाली. काठाच्या पायरीवर गोधडी भिजवली, तसा वॉचमन शिट्टी फुंकत आला.

"मावशी, हे बोटिंगचं पाणी हाय. धुणं बंद!"

"तुझी आजी कुठं धूत होती रे?"

तो हसला. "उरका जल्दी."

"मंग एक टोक धर."

"ड्युटीवर हाय मी."

शेवटी एक टोक लोखंडी कठड्याला करकचून बांधलं आणि पिळायला लागले. गोधडी गरगर फिरली. पुन्हा पिळली, पुन्हा फिरली. गाठ बघितली — घट्ट. भर दुपार, वारा नाही, हात गळून गेले... आणि तोंडातून निघून गेलं, "भागे, उजव्या हातानं पीळ की गं!"

पीळ बसला. पाण्याची धार लागली. शिवाय कठड्याकडून असा हिसका आला की मी दोन पावलं पुढं गेले. तिची सवयच ती.

वॉचमनच्या तोंडातली शिट्टी गळाली. "मावशी... तिकडून कोण ओढून राह्यलं?"

"मला काय विचारतो? ड्युटीवर तू हायेस!"

लेक म्हणतो, गाठ सरकली असेल. मग ती मी ओरडल्यावर थांबली कशी? गोधडी घरात आहे, यंदा पुन्हा धुवायची आहे. पण जिवंतपणी ऐकलं नाही, ते नाही... मेल्यावर तरी बाईनं पहिल्या पिळाला सरळ यावं का नाही?