तुरीतली नळी

गांजाचं झाड ओळखायचं पत्रक मीच लिहिलं होतं. पान पंजासारखं, बोटं लांब, कडा करवतीच्या. नर झाड वेगळं, मादी वेगळी. चिकट बोंडं मादीला. वास इतका उग्र की बांधावरून कळावा. शेवटची ओळ होती : ‘हे झाड तुरीच्या आड लपवतात.’

आमच्या उदगीरकडच्या गावात व्यसनमुक्ती समिती आहे. तिचे अध्यक्ष गावातले मोठे बागाईतदार. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. पत्रक वाचून ते म्हणाले, “लपवायची जागा कशाला शिकवतीस, पोरी? ती ओळ काढ. वासाचंबी काढ, लई लांबलंय.” राहिलं नुसतं पानाचं चित्र आणि खाली अप्पांचं नाव.

पुढं मी चौकातलं, शाळेजवळचं दारूचं दुकान बंद करा म्हणून अर्ज दिला. दुकान अप्पांच्या जावयाचं. झालं! भादव्यात दोन शिपाई माझंच पत्रक हातात घेऊन आमच्या रानात आले. बांधावर आईची अंबाडी होती, बाजारात जुड्या विकायला लावलेली. अंबाडीचं पानही पंजासारखंच. चित्र पानाला लावून बघितलं आणि उपटायला लागले.

आई म्हणाली, “साहेब, चावून बघा की. आंबट हाय.”

“आम्हालाच गांजा चारतीस व्हय?”

मुळासकट भारा चौकात आणून टाकला. अप्पा पारावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “लेक पत्रकं वाटती, माय माल पिकवती.”

आईला दिवसभर चौकीत बसवलं. कृषी खात्याच्या माणसानं अंबाडी आहे म्हणून सांगितलं तेव्हा सोडलं. पण हे चौकात येऊन कुणी सांगितलं नाही. बाजारात पोरं विचारायची, “मावशी, दोन झुरके मिळतील का?” आईनं बाजार सोडला. भाजी विकून ताठ मानेनं जगलेली बाई घरात कोंडून बसली.

विहिरीजवळ एक अंबाडी वाचली होती. दिवाळीनंतर तिला पिवळं फूल आलं, आत गडद लाल ठिपका. गांजाला असलं फूल कधी येत नाही. हे फूल अप्पांच्या दारात नेऊन ठेवावं, असं कुणीतरी सुचवलं. मी नेलं नाही. फुलावर भागणार नव्हतं.

खोडलेली ती ओळ डोक्यातून जात नव्हती. एकदा शाळेच्या रस्त्यानं जाताना दिसलं, अप्पांच्या कोरडवाहू तुरीत ठिबकची नळी शिरलेली. तुरीला असले लाड कुणी करतं का? मी गप्प बसले. येळवस येऊ दिली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव रिकामं होतं, सगळे रानात जेवतात. कुणीही कुणाच्याही शेतात जावं. आलेल्याला हाकललं तर पीक रुसतं म्हणतात. अप्पांनी यंदा पूजेची कडब्याची खोप तुरीच्या मधे न घालता रस्त्याच्या कडेला घातली होती. तेच दोन शिपाई पंगतीला बसून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खात होते.

आईला घराबाहेर काढलं आणि गल्लीतल्या बाया घेऊन मी तिथं गेले. आंबिलीचं गाडगं उचललं. “अप्पा, यंदा पिकावर आंबील आम्ही शिंपडतो.”

“ऱ्हाऊ दे, पोरी. आमची माणसं हायत.”

“येळवशीला न्हाई म्हणता का, अप्पा?” एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली. सगळी पंगत बघायला लागली. अप्पा खाली बसले.

‘ओलगे ओलगे’ असा येळवशीचा गजर करत आम्ही नळीच्या मागं मागं गेलो. मधली तूर उपटून ऊन मोकळं केलेलं. माती खुरपून भुसभुशीत, एकेका झाडाला आळं. आणि तो वास. माझ्या पत्रकातून काढलेला वास.

आईनं एक फांदी मोडली, पंगतीत आली आणि भज्जीचा घास तोंडात असलेल्या शिपायासमोर धरली.

“साहेब, चावून बघा. आंबट लागतंय का?”

सगळं गाव बघत होतं. शिपायांना ताटावरून उठावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांचा जावई घरी आला. “गावचं गावात मिटवू, ताई.” मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. नवं पत्रक काढलं, त्यात अप्पांनी काढायला लावलेली तुरीची ती एकच ओळ, मोठ्या अक्षरात. पहिलं त्याच्याच दुकानाच्या दारावर लावलं. शेजारी खळीचा डबा धरून आई उभी होती, भरचौकात, पदर नीट खोचून.

“जास्त लाव,” म्हणाली. “निघता कामा न्हाई.”