दादा भट्टीवर चढला तेव्हा

तापाच्या मोठ्या साथीत माझी धाकटी भावंडं गेली. घरात उरलो बा, आई, थोरला दादा आणि मी. भातं झोडून झाली की आम्ही चौघं खालापूरच्या वरच्या रानात कोळसा पाडायला जायचो. लाकडं रचायची, वर पाला आणि ओली माती थापायची आणि आत विस्तव सोडायचा, हीच आमची भट्टी. लाकूड आतल्या आत धुमसलं तर कोळसा होतो. कुठं भेग पडून वारा शिरला की जाळ उठतो आणि मेहनतीची राख होते.

बाचं काम बघण्याचं. धूर पांढरा आहे की निळा, माती कुठं खचते, हे तो उकिडवा बसून तासन् तास बघायचा. दादाला ते बसणं सोसत नसे. नुसतं बघून कोळसा पडतो का, असं तो आईपाशी कुरकुरायचा. पण भेग दिसली की मातीची पाटी घेऊन वर चढणारा तोच. त्याच्या चपळाईनं बाच्या किती भट्ट्या वाचल्या, हे बाही जाणून होता.

होळी तोंडावर आली होती. सकाळी एका भट्टीच्या माथ्यातून जाळ निघाला. माथा एका अंगानं किंचित बसला होता. बाच्या ते ध्यानात आलं. आत पोकळी झाली असेल तर टोचून बघावं, म्हणून तो बांबू आणायला वळला. दादाला काही बोलला नाही. आधी त्याला खात्री करायची होती. तोवर दादा पाटी घेऊन वर पोचला होता.

माती आत बसली आणि दादा कमरेपर्यंत खाली गेला.

बानं बांबूचं एक टोक त्याच्याकडं टाकलं. आई आणि मी बाला मागून धरलं आणि सगळ्यांनी मिळून दादाला ओढून काढलं. त्याच्या पायांकडं बघवत नव्हतं. बैलगाडीत केळीची पानं अंथरून आम्ही त्याला कर्जतला दवाखान्यात न्यायला निघालो. वाटेत तो शुद्धीवर होता. त्यानं विचारलं, "बा, माथा बसलेला तुला दिसला व्हता?"

बानं त्याच्या अंगाखालची पानं सारखी केली. मग म्हणाला, "दिसला व्हता रं."

 कर्जत यायच्या आधीच दादा गेला. आईनं ते उत्तर ऐकलं होतं. त्यानंतर बाशी ती कामापुरतंच बोलली.

दुसऱ्या वर्षीही रानात जाणं भाग होतं. भट्टीला पुन्हा भेग पडली. बानं माझं मनगट घट्ट धरलं.

"नको जाऊ गं. अजून बघू दे."

मीही बघत होते. माथा बसलेला नव्हता, पण भेग वाढत होती. मी मनगट सोडवून घेतलं. बांबूनं सगळीकडं टोचून पाहिलं, माती घट्ट लागली. मग दोन लांब वासे आडवे टाकले, त्यांवर पोटावर सरपटत गेले. आईनं खालून माती दिली, मी भेग लिंपली. बा खाली एकच वाक्य पुटपुटत होता, "अजून बघू दे, अजून बघू दे."

कोळसा चांगला निघाला. बानं त्याला हात लावला नाही. पुढच्या हंगामाला तो घरीच राहिला. रानात आई आणि मी दोघीच गेलो.