हॅनाफिन, वडिलांचं नाव फर्गस

बॉनमधल्या एका छायाचित्र संग्रहात श्यामकांत उकिडवे यांनी तेहेतीस वर्षं नोकरी केली, आणि एवढ्या वर्षांत एकाचा चेहरा दुसऱ्याच्या नावावर त्यांनी कधी जाऊ दिला नव्हता. पुण्याहून बी.कॉम. होऊन आलेला हा माणूस कामाला चोख. रोज टाय, रोज तीच गाडी, टेबलावर दोन टोक केलेल्या पेन्सिली.

संग्रहाचं काम वर्तमानपत्रांना फोटो पुरवण्याचं. कुणी वारलं, कुणी निवडून आलं, की इथून फोटो जायचा. डोकेदुखी होती ती एकाच नावाच्या माणसांची, आणि त्यात आयरिश नावांनी कहर केला होता. एकट्या फर्गस हॅनाफिन या नावाची पाच कार्डं होती. एक शर्यतीतला घोडेस्वार, एक बिशप, एक गोलकीपर, एक पक्षीशास्त्रज्ञ आणि एक गायकवृंदाचा संचालक. बिशपच्या बातमीशेजारी घोडेस्वार छापून आल्याची गोष्ट उकिडव्यांच्या आधीच्या काळातली. ऑफिसात ती अजून सांगितली जाई.

उकिडव्यांनी त्यावर उपाय काढला होता. प्रत्येक कार्डावर ते पेन्सिलीने माणसाच्या वडिलांचं नाव लिहीत.

"हेर उकिडवे, आपण फोटो विकतो की सोयरिकी जुळवतो?" विभागप्रमुख क्रिंग्सबाईंनी पहिल्यांदा विचारलं होतं. हेर म्हणजे जर्मन श्रीयुत.

"आमच्याकडे मधलं नाव वडिलांचंच असतं, फ्राऊ क्रिंग्स. त्यामुळे माणूस हरवत नाही."

पुढे सगळी कार्डं संगणकात गेली, तेव्हा 'वडील' हा रकाना क्रिंग्सबाईंनी स्वतःच घालून घेतला. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या उकिडव्यांना ही आपली खरी कमाई वाटे.

दोन हजार सहाच्या जानेवारीत त्यांच्याकडे दुबार नोंदी शोधून एकत्र करायचं काम आलं. हॅनाफिनांपाशी ते थबकले. पक्षीशास्त्रज्ञ, गाव ट्रॅली, वडील टिमथी. गायकवृंदवाला, गाव ट्रॅली, जन्मसाल नाही, वडील फर्गस. हे दुसरं कार्ड त्यांचीच पद्धत पाहून कुणा जुन्या सहकाऱ्याने भरलेलं. फर्गसचा बाप फर्गस? बापाचं नाव मुलाला कोण ठेवील? घाईत त्या गृहस्थाने त्याच माणसाचं नाव पुन्हा खरडलं असणार. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी धरले. नाक तेच, कपाळ तेच. पोटासाठी पक्षी आणि हौसेसाठी गाणं. त्यात नवल ते काय? त्यांचे मेहुणे शिरीष बँकेत नोकरी करून नाट्यसंगीताच्या मैफली करत होतेच. उकिडव्यांनी बटण दाबलं. दोन नोंदींची एक झाली, आणि अधिक नवा फोटो आपोआप वर आला.

महिन्याभराने कार्निव्हलचा बायकांचा गुरुवार उजाडला. ऱ्हाईनकाठी त्या दिवशी बायका दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात आणि अकरा वाजून अकरा मिनिटांनी ऑफिसं ओस पडतात. उकिडवे त्या दिवसासाठी एक जुना टाय राखून ठेवत. क्रिंग्सबाईंनी तो कात्रीने कापला, गालावर ओठ टेकवले आणि त्या नदीपलीकडे बॉयलला मिरवणुकीला निघून गेल्या. उकिडवे घरी, बाड गोडेसबर्गला, जेवायला बसले. अर्धा टाय गळ्यात तसाच होता.

रेडिओ चालू होता. ट्रॅलीचे पक्षीशास्त्रज्ञ फर्गस हॅनाफिन यांचं चौऱ्याऐंशीव्या वर्षी निधन झालं. त्यांचे चिरंजीव, ड्युसेलडॉर्फच्या गायकवृंदाचे संचालक फर्गस हॅनाफिन, रविवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे करणार आहेत.

उकिडव्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

"काय झालं हो?" त्यांच्या पत्नी विभावरीबाईंनी विचारलं.

"बाप आणि मुलगा. एकच नाव."

"मग? खालच्या पत्रपेटीवर नाही का, योझेफ श्मिट्स आणि योझेफ श्मिट्स ज्युनिअर? सोळा वर्षं बघताय."

उकिडवे बघत होते खरे. पेटीवाल्याने जुनी पट्टी काढली नाही एवढंच त्यांना वाटत आलं होतं. आता वर्तमानपत्रं मेलेल्याचा फोटो मागतील आणि संग्रह त्यांना जिवंत मुलाचा देईल. बापाच्या मृत्युलेखात पोराचा चेहरा. एक वाजता जाणारा, त्या दिवशी बातमीत आलेल्या माणसांच्या माहितीचा आणि फोटोंचा गठ्ठा संगणक आपणहून सव्वीस वर्तमानपत्रांना पाठवत असे. घड्याळात साडेबारा झाले होते.

"अहो, दोन घास खाऊन तर जा. टाय तरी काढा तो."

पण ते जिन्यात पोचले होते.

क्रिंग्सबाईंचा मोबाइल वाजून वाजून बंद झाला. गाडी जोकर, मधमाश्या आणि पाद्री यांची सोंगं घेतलेल्यांनी खच्चून भरलेली. दोन स्थानकांच्या मधे ती थांबली, कारण पुढच्या फलाटावर लोक रुळांच्या कडेला नाचत होते. उकिडवे घड्याळ बघत, खिडकीतून बघत, पुन्हा घड्याळ बघत. एका जादूगारणीने त्यांच्या टायचं टोक धरून पाहिलं.

"इथे माझ्या आधीच कुणीतरी येऊन गेलंय वाटतं," ती म्हणाली.

"जा, जा," उकिडवे म्हणाले आणि दारापाशी सरकले.

ऑफिसात पोचेपर्यंत एक वाजून वीस मिनिटं झाली होती. गठ्ठा गेलेला. त्यांनी नोंद उघडली. जोडायचा अधिकार त्यांना होता, तोडायचा फक्त क्रिंग्सबाईंना. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. वरचा फोटो अजून त्यांच्याकडे बघत होता. गप्प बसलं तर दोष संगणकावर जाईल, हेही मनात येऊन गेलं. मग त्यांनी तळघरातून जुन्या कार्डांचा खण वर आणला. ही कार्डं फेकून द्यायचा हुकूम होता. तो त्यांनी पाळला नव्हता. वडिलांचा खरा फोटो तिथे होता, पाणथळीत उभा, गळ्यात दुर्बीण. त्यांनी तो यंत्रावर ठेवून सगळ्यांना धाडला. पण आजच्या दिवशी कोण बघणार? म्हणून ते यादी घेऊन फोनला बसले.

"आल्झो, म्हणजे असं, हॅनाफिनांचा फोटो चुकलाय. दुसरा पाठवलाय. चूक माझी आहे. उकिडवे."

कुणी हसलं. कुणी नाव तीनदा विचारलं. एका ठिकाणी मागे बँड इतका वाजत होता की त्यांना ओरडावं लागलं. चार वाजेपर्यंत पंचवीस नावांपुढे खूण झाली. सव्विसावं, नदीकाठच्या एका छोट्या गावाचं वर्तमानपत्र, काही केल्या फोन उचलेना.

सहा वाजता त्यांनी खणातलं दुसरं कार्ड उचललं. मागे ड्युसेलडॉर्फचा नंबर होता. बराच वेळ त्यांनी बोट नुसतं नंबराच्या बटणांवर ठेवलं. मग लावला.

मुलानेच उचलला. उकिडव्यांनी न थांबता सगळं सांगितलं, वडिलांचं नाव लिहिण्याच्या पद्धतीसकट.

मग तो म्हणाला, "मी विशीत असताना मला ऑस्ट्रेलियातून बदकांविषयी पत्रं यायची. वडिलांना माझ्या गाण्यावरची टीका जायची. ते फोन करून ती मला वाचून दाखवायचे." मग त्याने विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"श्रीपाद."

"म्हणजे तुम्ही श्यामकांत श्रीपाद."

"हो. इथल्या परदेशी नागरिक कचेरीत ते माझंच दुसरं नाव म्हणून लागलं. आरोग्य विम्याची पत्रं अजून हेर श्रीपाद म्हणून येतात."

"तुम्ही ते बदलून घेतलं नाही?"

"दोनदा अर्ज केला," उकिडवे म्हणाले. "तिसऱ्यांदा नाही केला."

"उद्या त्या पेपरात मी छापून आलो, तर मला दोन अंक पाठवा," तो म्हणाला. "एक शवपेटीत त्यांच्याबरोबर ठेवायचा आहे."

उकिडव्यांना झोप लागली नाही. शुक्रवारी सकाळी ते मुख्य स्थानकावरच्या पेपरवाल्याकडे गठ्ठे सुटायच्या आधीच जाऊन उभे राहिले. जमिनीवर रंगीत कागदांचा चुरा पडला होता. त्या गावचा पेपर शेवटी सुटला. त्यांनी तो उभ्याउभ्या उघडला. सातव्या पानावर काळ्या चौकटीत मुलगा होता, छडी उगारलेला.

त्यांनी तीन अंक घेतले. दोन पाकिटात घालून ड्युसेलडॉर्फचा पत्ता लिहिला. तिसरा क्रिंग्सबाईंच्या टेबलावर सातवं पान वर करून ठेवला आणि त्यावर चिठ्ठी लावली: जानेवारीतली जोडणी चुकीची, नोंद तोडावी, जोडणारा श्यामकांत श्रीपाद उकिडवे. मग जाग्यावर बसून पेन्सिलीला टोक करत ते बाईंची वाट बघू लागले. टोक आधीच केलेलं होतं.