साहेबांची खाकी पँट
शाळेत एकही मूल नाही आणि दारात तपासणीचे साहेब उभे. मुलं नसतील तर शाळा बंद करणार, असं त्यांनी जीपमधून उतरताच सांगितलं. मास्तर रडकुंडीला आले, "साहेब, आत्ता होती हो!" खरंच होती. साहेबांची खाकी पँट दिसली आणि सगळी चिंचोटीच्या डोंगरावर पळाली. माझ्या आज्याला गोऱ्या साहेबाच्या खाकीवाल्यांनी जंगलातून हाकललं, तेव्हापासून आम्हां कातकऱ्यांत मूल चालायला लागलं की आधी खाकी बघून पळायला शिकवतात. पाटी नंतर. मीसुद्धा अशीच पळत पळत चौथीपर्यंत पोचले. त्या दिवशी शाळेशेजारच्या माझ्या अंगणात मी तांदूळ पाखडत होते. तिथूनच म्हटलं, "सायेब, पँट काढा." मास्तर ओरडले, "मावशी!" "मावशी काय? ही खाकी हाय तवर एक पोर उतरायचं नाय." साहेब आधी लाल झाले, मग हसत सुटले. माझ्या झोपडीत जाऊन त्यांनी माझ्या नवऱ्याची चौकड्यांची लुंगी गुंडाळली आणि येऊन पोरांच्या फळ्यापुढे बसले. मी डोंगराकडे हाक मारली, "या रं खाली! साधा मानूस हाय!" पोरं करवंदं खात उतरली आणि जांभळ्या तोंडांनी पाढे म्हणू लागली. साहेब एका हातानं लुंगी धरून ऐकत होते. लुंगी सुटायला आली की पोरांचा आवाज चढायचा. शाळा राहिली. आता माझे गुडघे तो डोंगर चढू देत नाहीत. त्या दिवशी पळालेल्यांत माझ्या तिन्ही मुली होत्या, आणि तिघीही त्याच शाळेत शिकल्या.