डिझेलही चालेल

शोरूमच्या मागच्या वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडण्यात गेली होती. बॉनेटवर नुसता हात ठेवून कुठला इंजेक्टर रुसलाय ते सांगायचे. भरलेली गाडी चढाला लागली की पेट्रोलचं इंजिन धापा टाकतं, डिझेल मात्र खांदा लावून ओढतं, हे ते घरच्या माणसाचं कौतुक करावं तसं सांगत.

साठी उलटली तरी नोकरी टिकली होती ती धाकट्या भावामुळे. भाऊ तिथला मॅनेजर. त्याला सायकलपासून मोटारीपर्यंत सगळं मिस्त्रींनीच शिकवलेलं, पण आता त्याच्या केबिनबाहेर त्यांनाही थांबावं लागे.

एक दिवस एक निवृत्त नर्सबाई गाडी बघायला आल्या. नवऱ्याचे पाय लुळे पडले होते. त्याला रोज दोन किलोमीटरवर व्यायामाला न्यायचं होतं. आणखी कुठे जाता का, असं मिस्त्रींनी विचारलं. कुठेच नाही, म्हणाल्या. मग डिझेलच्या नादी लागू नका, असं त्यांनी सरळ सांगितलं. डिझेल इंजिन तापायला वेळ घेतं. धुरातली काजळी अडवायला त्याला जाळी असते, आणि ती काजळी जळून जायला इंजिन चांगलं तापावं लागतं. दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत जाळी तुंबणार. त्यापेक्षा पेट्रोलची घ्या, हलकी आहे, आवाज कमी, चटकन पळते.

आवारात डिझेलच्या गाड्या कित्येक महिने धूळ खात उभ्या होत्या. भावानं मिस्त्रींना बाजूला घेतलं.

"दादा, तू पान्याचं बघ, तोंडाचं मी बघतो. तुला इथे ठेवून घ्यायला मी वर किती जणांशी भांडलोय, माहीत आहे ना?"

मग बाईंकडे वळून तो हसत म्हणाला, की डिझेलमधलं आमच्या दादाइतकं कुणाला कळत नाही, पुन्हा एकदा त्यालाच विचारा.

बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं.

"डिझेलही चालेल," मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यावर बाईंनी गाडी घेतली.

चार महिन्यांत समोरचा पिवळा दिवा लागला, आणि एका सकाळी नवरा आत बसलेला असताना गाडीचा जोरच गेला. मिस्त्रींनी जाळी साफ केली. आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर सलग चाळीस मिनिटं पळवा, असं सांगितलं. नवऱ्याला तेवढा वेळ बसवत नव्हतं. त्याला घरी निजवून बाई दर रविवारी एकट्याच निघू लागल्या, कुठेही न जाता परत यायला.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा वर्कशॉपमध्ये आल्या. तक्रार नव्हती. रविवारी त्या गाडी पळवायला गेल्या असताना नवरा पाणी घ्यायला म्हणून पलंगावरून उतरायला गेला आणि पडला. खुब्याचं हाड मोडलं.

"चाळीसच्या ऐवजी वीस मिनिटं पळवली तर भागेल का हो?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी हात पुसून पुढे केला. म्हणाले, "किल्ली माझ्याकडे द्या. रविवारी मी नेत जाईन."

तेव्हापासून दर रविवारी ते बाईंची गाडी मोठ्या रस्त्याला काढत. रिकाम्या गाडीत ते इंजिन सुरेख चालायचं, आणि त्यांना ते ऐकवत नसे. खरं काय ते आज सांगून टाकू, असं दर वेळी ठरवून ते बाईंच्या दारात उभे राहत. बाई चहा पुढे करत आणि आत नवऱ्याला सांगत, आपले मिस्त्री आलेत. चहा पिऊन ते निघून येत.

बाईंनी हे गावभर सांगितलं. एका सोमवारी भावानं मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली.

"दादा, तुझं नाव ऐकून या महिन्यात तीन गिऱ्हाइकं आली," तो म्हणाला. "तिघांनीही डिझेलच घेतली."