खिडकीतून टाकलेला रुमाल

जगातली प्रत्येक रिकामी जागा परमेश्वराने आपल्यासाठीच राखून ठेवली आहे, याबद्दल माझ्या ताईच्या चुलत सासऱ्यांना उभ्या आयुष्यात कधी शंका आली नाही. मूळचे निफाडकडचे, मळा भावावर सोपवून नाशकात राहायला आलेले. खिशात कायम दोन रुमाल. एक तोंड पुसायला, दुसरा जागा धरायला. एसटी फलाटाला लागते न लागते तोच त्यांचा रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असे. मग सावकाश चहा, आणि नंतर कोपरांनी माणसं बाजूला सारत प्रवेश. दवाखान्यात नंबर धरायला तर त्यांनी एकदा चपला रांगेत ठेवल्या आणि अनवाणी घरी जाऊन जेवून आले. पुढे मोबाईल आला आणि यांच्या बेपर्वाईला आवाज फुटला. रामकुंडावर एका दहाव्याला सगळे कावळ्याकडे डोळे लावून बसलेले, कावळा पिंडाजवळ आलेला, आणि हे मोबाईलवर लासलगावचा कांद्याचा भाव ओरडून विचारताहेत. कावळा उडाला. हे शांतपणे म्हणाले, "त्याला कसली एवढी घाई होती?"

यावर मीही हसलो असेन. पण द्राक्षांच्या एका पेटीवरून मला जो राग होता, तो हसून जाणारा नव्हता. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. आईला घेऊन पुण्याला निघालो होतो. गाडी खच्चून भरलेली. हे खिडकीशी बसलेले आणि शेजारच्या सीटवर, रुमालावर, द्राक्षांची पेटी. आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. तिने विचारलं, "पेटी खाली ठेवता येईल का?"

"विहीणबाई, खाली धक्क्यांनी मणी गळतात हो. सिन्नरला गाडी रिकामी होते. तोवर उभ्या राहा की."

मी तोंड उघडणार, तोच आईने माझा दंड दाबला. मुलीच्या सासरचा माणूस, त्याला कोण बोलणार? आई सिन्नरपर्यंत उभी राहिली आणि द्राक्षं बसून गेली. या माणसाला एकदा सिन्नरपर्यंत उभं असलेलं बघायचंच, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

पंधरा-सोळा वर्षांनी तो योग आला. तीच पुण्याची गाडी. मला कडेची जागा मिळाली होती. पुढच्या सीटवर ओळखीचा रुमाल येऊन पडला. पण आता पंचाहत्तरी उलटलेली. हे पायऱ्या चढून येईपर्यंत कॉलेजातली एक मुलगी तिथे बसलीसुद्धा होती. रुमाल दोन बोटांत धरून म्हणाली, "आजोबा, हा तुमचा का?"

त्यांनी तो मुकाट्याने खिशात घातला आणि दांडा धरला. मी खिडकीबाहेर बघत मजा चाखू लागलो. पण दर ब्रेकला त्यांचे पाय लटपटत होते, आणि मला आईचेच पाय दिसायला लागले. माझी मलाच लाज वाटली. नाशिकरोड मागे पडलं तसा मी उठलो. "काका, बसा."

ते बसले. आभार वगैरे काही नाही. "काच लावा, वारा लागतो," एवढंच, तेही खिडकीशी बसलेल्याला. मग थोड्या वेळाने अंग चोरून ते जरा सरकले. कडेला चार बोटं जागा झाली. तिच्यावर त्यांनी थाप मारली.

"टेका, पाहुणे. सिन्नर लांब आहे."

मी अर्धा सीटवर, अर्धा हवेत बसलो. समोर बघतच ते म्हणाले, "विहीणबाई उभ्या राहिल्या होत्या एकदा. तरी निम्मे मणी गळलेच."

आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.